गल्ली नऊ मीटरची

सरलाबाईंचं घर हेमकांत अकराव्यांदा बघायला आला, तेव्हा त्याच्या हातात छत्री होती. दिवस पावसाचे नव्हते. छत्रीच्या टोकाने तो भिंती वाजवत होता आणि प्रत्येक ठोक्यानंतर कान भिंतीला लावत होता.

"भाऊ, हाई भीत तुम्ही मांगला येळले बी वाजाडी व्हती," सरलाबाई खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या. "तव्हयपासून तिनामा काही बदल नही."

"मावशी, पहिलंच घर ली ऱ्हायनू. देखीसन लेवाले पाहिजे."

"लगीनमा नवरीले तरी इतलं देखं व्हतं का तुम्ही?"

हेमकांत हसला आणि वहीत 'पूर्व भिंत – आवाज समाधानकारक' असं लिहून पुढच्या भिंतीकडे वळला.

तो मूळचा कोरीटचा. शेती भावाच्या हाती देऊन पंचवीस वर्षांपूर्वी नंदुरबारला आलेला आणि पाटबंधारे खात्याच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक झालेला. पन्नाशी जवळ आली तशी त्याला निवृत्तीची काळजी लागली होती. त्यात मोबाईलवर टाय लावलेला एक तरुण रोज समजावून सांगायचा, की नोकरी साठीपर्यंत पोसते आणि भाडं मरेपर्यंत पोसतं. हेमकांतला ते पटलं. त्याने दोनशे पानी वही आणली आणि भाड्याने देण्यासाठी घर शोधायला सुरुवात केली. वहीत एकेचाळीस प्रश्न होते. नळ किती दिवसांनी येतो, किती वेळ येतो, दाराशी मोटारसायकल उभी राहते का, भाडेकरू किती वर्षं टिकतो, वर्षातले किती महिने खोली रिकामी राहील. गल्लीतून सकाळी किती माणसं जातात हे मोजायला तो दोन दिवस समोरच्या ओट्यावर बसला होता.

सरलाबाईंचं घर या सगळ्यात उतरलं होतं. खाली तीन खोल्या, वर एक. वरच्या खोलीत धनसिंग नावाचा एस.टी.चा ड्रायव्हर सहा वर्षांपासून भाड्याने राहत होता. सरलाबाईंचे यजमान प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी एकेक खोली करत वीस वर्षांत हे घर उभं केलं होतं. ते गेल्यावर मुलगा नवनीत आईला सुरतेला घेऊन जाणार होता, म्हणून घर विकायचं. सांगितलेली किंमत सव्वीस लाख. वाजवी होती.

अडचण एकच होती. सरलाबाई खरं बोलायच्या. मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मोरीचं पाणी तुंबतं, जिन्याची तिसरी पायरी हलते, हेही सांगितलं. हेमकांतने सरकारी नोकरीत पंचवीस वर्षं काढली होती; न विचारता खरं सांगणारा माणूस त्याला कधी भेटला नव्हता. ही बाई एवढं सांगते, तर लपवत किती असेल, असं त्याच्या मनाने घेतलं. म्हणून तो पुन्हा पुन्हा यायचा, भिंती वाजवायचा, आणि सरलाबाई दर खेपेला त्याला चहा करून द्यायच्या.

"तुमले घर आवडनं का नही, तेवढं सांगा," त्याची बायको मोहिनी घरी विचारायची.

"आवडाना प्रश्न नही, मोहिनी. हाई गुंतवणूक शे."

"मंग गुंतवणूक आवडनी का?"

"अजून सात प्रश्न बाकी शेतस."

ते सात प्रश्न सुटायच्या आत विसरवाडीचा एक ढाबेवाला आला. हायवेवर त्याचा धंदा जोरात होता. त्याने घर दहा मिनिटांत पाहिलं, एकही भिंत वाजवली नाही आणि सव्वीस लाखांना हो म्हणाला. सरलाबाईंनी शुक्रवारी हेमकांतला बोलावून घेतलं.

"भाऊ, त्या मानूस सोमवारले बयाना देवाले तयार शे. पन पहिले तुम्ही उनात. तुमले इचारा बिगर मी त्याले हो कसं म्हनू? सोमवारलोंग सांगा."

दुसरा कोणी असता तर तिथेच हो म्हणाला असता. हेमकांतला वाटलं, ढाबेवाला हा माणूस खराही नसेल; किंमत पाडू नये म्हणून केलेली ही युक्ती असेल. तो विचार करत गल्लीच्या तोंडाशी लोटनच्या चहाच्या टपरीवर आला आणि बघतो तर ढाबेवाला खराखुरा बाकावर बसून चहा पीत होता. गळ्यात सोन्याची साखळी, समोर पांढरी गाडी. सोमवारी बयाना देणारा माणूस कसा दिसतो, तसाच तो दिसत होता.

हेमकांतच्या गळ्यात कार्यालयाचं ओळखपत्र होतं. पुढची वाक्यं आपण का बोललो, हे त्याला नंतर कितीतरी दिवस समजलं नाही.

"लोटन, तुन्ही टपरी जराशी मांगे ले. हाई गल्ली रुंद व्हवावर शे म्हनतस."

लोटनची किटली हवेतच थांबली. "कोन म्हनस, साहेब?"

"ऑफिसमा आयकं."

ढाबेवाल्याने अर्धा कप खाली ठेवला, गल्लीकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गाडीत बसून निघून गेला. तो पुन्हा आला नाही. हेमकांतला थोडी लाज वाटली. पण आपण काही लेखी दिलेलं नाही, संध्याकाळपर्यंत लोक विसरून जातील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

लोटनच्या टपरीवर दिवसाला दोनशे कप चहा जायचा. सोमवारपर्यंत गल्ली दोन्ही बाजूंनी पाच पाच फूट कापली जाणार होती. बुधवारी दहा फूट झाले. गुरुवारी कोणीतरी उड्डाणपूल आणला. समोर राहणारे निवृत्त पोस्टमास्तर चुडामण आप्पा वर एक मजला चढवणार होते, त्यांनी आलेली वाळू परत पाठवली. किराणा दुकानदार दुसरीकडे गाळा शोधू लागला. ज्याला विचारावं तो म्हणे, "पक्की खबर शे. एक साहेबच बोली गया."

आठवड्याने सरलाबाईंचा निरोप आला. हेमकांत गेला तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"भाऊ, तुम्ही आयकं व्हई. घर कापाई जावावर शे म्हनतस. तुम्ही नका लेवू. तुमनं पहिलंच घर शे, तुमनं नुकसान मन्हा हातथीन नको."

ही वेळ होती. 'मावशी, ते मीच बोललो होतो, त्यात काही अर्थ नाही,' एवढंच म्हणायचं होतं. हेमकांतने तोंडही उघडलं.

"असू द्या, मावशी," तो म्हणाला. "व्हई ते व्हई. मी लेस."

"पन सव्वीसले नको. मन्हा मनले पटाव नही. तुम्हीच काय ते सांगा."

हेमकांतने मनात चोवीस धरले होते. ओठांपर्यंत येता येता ते बावीस झाले आणि तोंडातून बाहेर पडले एकोणीस. सरलाबाईंनी नवनीतला फोन लावला. तो तिकडून म्हणाला, जे मिळतंय ते घे, नंतर तेही मिळायचं नाही. फोन ठेवून त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "देवमानूस शेतस तुम्ही." त्या दिवशीचा चहा हेमकांतला फार गोड झाल्यासारखा वाटला. तो त्याने तसाच ठेवला.

खरेदीखत झालं. किल्ल्या देताना सरलाबाईंनी त्याला नळाची तोटी कुठल्या बाजूला दाबून धरायची ते दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी सुरतेच्या गाडीत बसल्या.

"सात लाख कमी कसा काय व्हयनात?" मोहिनीने विचारलं.

"बाजार पडी गया."

"एकाच गल्लीना?"

हेमकांत वहीत मान घालून बसला.

पहिल्याच महिन्यात धनसिंगने खोली सोडली. "साहेब, घर चांगलं शे," तो हात जोडून म्हणाला. "पन मी मुक्कामी गाडीवर ऱ्हास. मांगे बायको भ्यायस. ती झोपेल ऱ्हायनी नि जेसीबी उना, तर काय करी ती?"

हेमकांतने खालच्या खोल्यांना रंग दिला आणि 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लावली. लोक फोन करायचे, निघालो म्हणायचे आणि पोहोचायचे नाहीत. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. गल्लीत येणारा प्रत्येक जण लोटनला पत्ता विचारायचा, आणि लोटन पत्त्याबरोबर बाकीचंही सांगायचा. हेमकांत तडक टपरीवर गेला.

"लोटन, गल्ली रुंद व्हनार नही. ती खोटी बातमी शे."

"तुम्हीच सांगी व्हती, साहेब."

"मी अंदाजे बोलनू."

लोटनने गाळणी झटकली. "तव्हय तुमनं घर नव्हतं, म्हनून खरं बोलनात. आते घर तुमनं शे, म्हनून असं म्हनी ऱ्हायनात. मी समजस."

चार महिने घर रिकामं राहिलं. बँकेचा हप्ता मात्र पाच तारखेला बिनचूक जात होता. अशात चुडामण आप्पा गल्लीतल्या पाच-सात जणांना घेऊन हेमकांतच्या घरी आले. गल्लीचा विरोध लेखी नोंदवायचा होता, आणि अर्ज लिहिणारा माणूस हेमकांतशिवाय दुसरा नव्हता.

सुरुवातीला तो टाळाटाळ करत होता. मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अर्ज गेला की पालिकेला उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर एकच असणार, असा कोणताही प्रस्ताव नाही. ते पत्र लॅमिनेट करून दारावर लावलं की काम फत्ते. खोटं आपोआप मरेल आणि कोणाला काही कबूल करावं लागणार नाही.

त्याने जीव ओतून अर्ज लिहिला. 'विषय : प्रस्तावित रस्ता रुंदीकरणास स्थानिक रहिवाशांची तीव्र हरकत असल्याबाबत.' तीन पानं, बारा मुद्दे, त्रेसष्ट सह्या, सोबत नकाशाची मागणी. पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतका देखणा मसुदा त्याच्या हातून उतरला नव्हता. चुडामण आप्पांनी तो मोठ्याने वाचला आणि त्यांचा आवाज दोनदा भरून आला.

अर्ज पालिकेत पोहोचला. तिथल्या लिपिकाने त्या विषयाची फाईल शोधली, ती सापडली नाही, म्हणून नवी उघडली. फाईल उघडली की तिला पुढे जावंच लागतं, हे हेमकांतला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती, पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही. हरकतीला उत्तर द्यायचं तर रस्ता मोजायला हवा, म्हणून एक इंजिनिअर टेप घेऊन आला. आताची रुंदी सहा मीटर भरली. मग जुना मंजूर विकास आराखडा काढला गेला. त्यात हीच गल्ली नऊ मीटरची दाखवलेली होती. एकवीस वर्षांपासून दाखवलेली होती. कोणी विचारलं नव्हतं, म्हणून कोणी बघितलं नव्हतं.

हेमकांतच्या वहीत एकेचाळीस प्रश्न होते. 'विकास आराखड्यात रस्ता किती?' हा त्यात नव्हता.

महिनाभराने गल्लीत तांबडे पट्टे ओढले गेले. बहुतेकांचे ओटे जाणार होते. हेमकांतचं घर वळणावर होतं, त्यामुळे त्याची पुढची खोली आणि वर जाणारा जिना दोन्ही पट्ट्याच्या अलीकडे, म्हणजे रस्त्यात आले. हलत्या तिसऱ्या पायरीची दुरुस्ती त्याने गेल्याच महिन्यात केली होती.

याहून वाईट गोष्ट म्हणजे गल्लीने त्याला दोष दिला नाही. उलट सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं. "साहेब वरीसभर पहिले सांगी गयथात," लोटन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. दुसऱ्या गल्ल्यांतले लोक हेमकांतला गाठून आमच्याकडे काय होणार ते हळूच विचारू लागले. तो काही माहीत नाही म्हणाला, की ते एकमेकांकडे बघून मान डोलवायचे.

त्या रविवारी सरलाबाई सुरतेहून आल्या. न कळवता आल्या. मोहिनीने त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. त्यांनी मांडीवरची कापडी पिशवी हेमकांतपुढे सरकवली.

"दोन लाख शेतस. मन्हा नावना व्हतात, नवनीतले इचारानं काम नही. माले चुडामण आप्पाना फोन उना. खोली जावावर शे, जिना बी. भाऊ, मी समदं सांगीसन घर इकं, तरी मन्हा मनले लागस. तुम्ही मन्हासाठे ते घर लिधं."

हेमकांतने पिशवीकडे बघितलं. लाख उपाय त्याच्या डोक्यात आले, आणि प्रत्येकात ती पिशवी परत करताना आपण आणखी मोठे देवमाणूस होतो, हे त्याला दिसलं. ते मात्र त्याला सहन होईना.

"मावशी, गल्ली रुंद व्हनार, ते मी बोलनू व्हतू. लोटनना टपरीवर. त्या विसरवाडीवाला निंघी जावाले पाहिजे म्हनून."

सरलाबाई मायेने हसल्या. "माले पैसा परत ली जावाले लावासाठे तुम्ही सोतावर आळ ली ऱ्हायनात. माले समजस."

"खरं सांगी ऱ्हायनू."

"तुमनासारखा मानूस असं करी का?"

त्याने मोहिनीकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सात लाख कसे कमी झाले, हा प्रश्न तिने त्यानंतर कधी विचारला नव्हता. तिला उत्तर आता मिळालं होतं.

"मावशी," नवऱ्याकडे बोट करून ती हळू म्हणाली, "त्या खरंच सांगी ऱ्हायनात."

बाईने बाईकडे बघितलं आणि सरलाबाईंना ते पटलं. हेमकांतला वाटलं, त्या आता रडतील किंवा शिव्या देतील, आणि दोन्हीची त्याची तयारी होती.

"तसं देखं तर, मावशी," न राहवून तो म्हणाला, "ते खरंच निंघनं. आराखडामा पहिलेपासूनच व्हतं."

"तुमले माहीत व्हतं?"

"नही."

"मंग ते खोटंच व्हतं," सरलाबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी उचलून परत मांडीवर घेतली आणि तिची गाठ पक्की केली. "हाई दोन तर मन्हाच शेतस. बाकीना सात कव्हय देशात?"

त्या पैसे मागताहेत, हे हेमकांतला आधी कळलंच नाही.

"सव्वीसमधीन एकोणीस गयात. सात ऱ्हायनात. विसरवाडीवाला सव्वीस दी ऱ्हायंता." त्यांचा आवाज चढला नव्हता. भाजीवालीला उरलेले सुट्टे मागावेत तसा होता.

"एकदम नही जमाव, मावशी," तो म्हणाला.

"मंग महिनाले द्या. मी कोठे जाई ऱ्हायनी? सत्तर वरीस तर आते पुरा व्हयनात."

पावसाळ्याआधी गल्ली नऊ मीटरची झाली. ओटे गेले, हेमकांतची पुढची खोली आणि जिना गेला, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेली लोटनची टपरीही गेली. लोटन तीन दिवस किटली घेऊन नुसता उभा होता. चौथ्या दिवशी तो हेमकांतकडे आला. पुढची खोली गेल्यामुळे मधली खोली आता थेट रस्त्यावर आली होती, तिथे बाकडं टाकू का, असं त्याने विचारलं.

"तुम्ही पहिले सांगं व्हतं टपरी मांगे ले म्हनीसन," तो खाली बघत म्हणाला. "मीच आयकं नही. चूक मन्ही शे."

हेमकांतला भाड्याचा आकडा सांगवेना. वहीत त्या खोलीचं भाडं त्याने तीन पद्धतींनी काढून ठेवलं होतं. लोटनने आपणच अर्धं सांगितलं आणि हेमकांतने मान हलवली.

असा त्याला धनसिंगनंतरचा पहिला भाडेकरू मिळाला. लोटन एक तारखेला भाडं देतो. हेमकांत त्यात पगारातली भर घालतो आणि दोन तारखेला सुरतेला पाठवतो. पाच तारखेला बँकेचा हप्ता आहेच. पैसे पोहोचले की सरलाबाई फोन करतात, तब्येत विचारतात, मागच्या भिंतीला ओल आली का ते विचारतात, मोहिनीशी बोलतात. आपल्या बिल्डिंगमधल्या बायकांना त्या या पैशाबद्दल काय सांगतात, ते नवनीतने एकदा बोलता बोलता सांगून टाकलं. त्या सांगतात, नंदुरबारला माझं घर आहे, त्याचं भाडं येतं.

दिवाळीच्या महिन्यात लोटनच्या मुलीचं लग्न निघालं. आठ दिवस चहा बंद राहिला आणि त्याने भाडं पाचशेने कमी दिलं. हेमकांतने ते तसंच पुढे पाठवलं. संध्याकाळी फोन आला.

"भाऊ, या महिनाले पाचशे कमी उनात."

"लोटनना घर लगीन व्हतं, मावशी. आठ दिन धंदा बंद व्हता."

"चांगलं व्हयनं. लेकले मन्हा आशीर्वाद सांगा," सरलाबाई म्हणाल्या. मग जराशा थांबल्या. "पाचशे तुम्ही भरी द्या."

हेमकांतने भरून दिले.